वाळवंटातील खासगी कुरण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्गात विद्यार्थ्यांना एक जुने कोडे घातले जाते. पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचेही अडत नाही, तरी हिरा महाग. ॲडम स्मिथने १७७६ साली हे कोडे मांडले आणि पुढच्या शतकातील अर्थशास्त्रज्ञांनी दुर्मिळतेचे तत्त्व पुढे करून ते सोडवले. परंतु पाणी जिथे मुळातच दुर्मिळ आहे, तिथे ते हिऱ्याप्रमाणेच मिरवण्याची वस्तू होऊ शकते, हा त्या कोड्याचा पुढचा भाग वर्गात सहसा शिकवला जात नाही. तो पाहायचा असेल तर अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटात जावे लागते. तेथील गोल्फची खासगी मैदाने हा त्याचा उत्तम पाठ आहे.

गोल्फ हा धनिकांचा खेळ. त्याच्याशी कार्यकर्त्यांना काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील तर तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु येथे विचार खेळाचा नाही, मैदानाच्या रचनेचा आहे. एखाद्या समाजाची अर्थव्यवस्था त्याच्या अंदाजपत्रकात वाचता येते, तशीच ती त्याच्या बागांतही वाचता येते. किंबहुना बागेत ती अधिक प्रांजळपणे वाचता येते, कारण अंदाजपत्रक लिहिणारा सावध असतो; बाग लावणारा तितका सावध नसतो.

सार्वजनिक माळावरचा खेळ

गोल्फ जन्मतः खासगी नव्हता. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी शेतजमीन आणि सागर यांच्या मध्ये वाळूच्या टेकड्यांची एक पट्टी असते. नांगराला ती निरुपयोगी. तिच्यावर पावसाच्या पाण्यावर विरळ गवत वाढे, मेंढ्या आणि ससे ते कुरतडून आखूड ठेवीत आणि गावकरी तेथे चेंडू टोलवीत. सेंट अँड्र्यूज या गावाच्या माळावर हा खेळ वाढला. १५५२ सालच्या एका सनदेत गावकऱ्यांचा त्या माळावरील वहिवाटीचा हक्क नमूद आहे. त्यात ससे पाळण्याबरोबर गोल्फ खेळण्याचाही उल्लेख येतो. आजही ते जगप्रसिद्ध मैदान सार्वजनिक मालकीचे आहे आणि एरवी दर रविवारी तेथे खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातील माणसे, मुले आणि कुत्री त्यावर मोकळेपणाने फिरतात.

या मूळ मैदानाचा आराखडा कोणी काढला नव्हता. जमिनीचे उंचसखलपण निसर्गाचे, वाळूचे खड्डे वाऱ्याने आणि आडोशाला बसणाऱ्या मेंढ्यांनी केलेले, पाणी ढगांचे. म्हणजे मूळ खेळाची तीन लक्षणे होती. जमीन नापीक, पाणी फुकटचे आणि मालकी सर्वांची. वाळवंटातील खासगी मैदानाने यांतील पहिले लक्षण घेतले आणि उरलेली दोन पार उलटी करून टाकली. जमीन नापीकच, परंतु पाणी विकतचे आणि मालकी एकाची. या उलथापालथीचा सर्वांत निखळ नमुना म्हणजे लास व्हेगसजवळील शॅडो क्रीक.

सपाटीवर घडवलेले अरण्य

लास व्हेगस हे नेवाडा राज्यातील जुगारगृहांचे शहर. तेथे वर्षाकाठी सरासरी अवघा चार इंच पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंश सेल्सियसच्या आसपास जातो. त्या शहराच्या उत्तरेला, झुडपांखेरीज काही नसलेल्या सपाट वाळवंटावर, स्टीव्ह विन या जुगारगृहांच्या मालकाने टॉम फॅझिओ या आराखडाकाराकडून १९८९ च्या सुमारास हे मैदान तयार करवून घेतले. खर्चाचा आकडा चार ते सहा कोटी डॉलरांच्या दरम्यान सांगितला जातो.

फॅझिओने काय केले ते समजून घेण्यासारखे आहे. जागेवर टेकडी नव्हती, ओढा नव्हता, झाड नव्हते. तेव्हा जमीन खोल खणण्यात आली आणि निघालेल्या मातीचे उंच बांध चहूबाजूंनी रचण्यात आले. लाखो घनयार्ड माती हलवली गेली. बांधांवर आणि उतारांवर वीस हजारांहून अधिक झाडे बाहेरून आणून लावली. त्यांत पाइन वृक्षांचा भरणा मोठा. मधून ओढा काढला, तळी केली, धबधबे केले. हे पाणी पंपांच्या बळावर वाहते. सतराव्या होलपाशी तर हिरवळीच्या पाठीमागे धबधबा कोसळतो आणि पुढे तळे पसरलेले असते. वाळवंटात नव्हे, तर उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ जंगलात खेळत असल्याचा भास खेळणाऱ्याला होतो.

या रचनेत एक गोष्ट विशेष मार्मिक आहे. खोलगट जमीन, उंच बांध आणि दाट झाडी यांची योजना अशी आहे, की आत उभ्या असलेल्या माणसाला भोवतालचे वाळवंट दिसू नये. दूरची डोंगररांग मात्र दिसते, कारण ती शोभा देते. शेजारची रखरखीत जमीन, रस्ते, वस्त्या आणि गोदामे हे सारे दृष्टीआड. एका होलवरून दुसरा होलही सहसा दिसत नाही. दिवसाकाठी मोजकेच गट सोडले जात असल्यामुळे दुसरा माणूस दिसण्याची शक्यताही थोडी. म्हणजे जे मैदान पाहण्यासाठी इतका खर्च केला, त्याचे खरे वैशिष्ट्य काय दिसते यात नसून काय दिसत नाही यात आहे.

कारागिरीच्या दृष्टीने हे काम मोठे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जाणकारांनी त्याची वाखाणणी केली. १९९० च्या दशकात एका नामांकित गोल्फ मासिकाने त्याला अमेरिकेतील पहिल्या दहा मैदानांत बसवले आणि त्यावर वादही झाला. काहींच्या मते हे गोल्फचे मैदान नसून रंगभूमीवरचे नेपथ्य होते. परंतु हा वाद सौंदर्यशास्त्राचा झाला. अर्थशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे. हे नेपथ्य कोणत्या नाटकासाठी उभारले गेले?

मृगजळाचे भांडवल

ज्या सुमारास हे मैदान तयार झाले, त्याच सुमारास म्हणजे नोव्हेंबर १९८९ मध्ये विन यांनी लास व्हेगसमध्ये ‘द मिराज’ हे अवाढव्य हॉटेल व जुगारगृह उघडले. मिराज म्हणजे मृगजळ. नावाची निवड त्यांनीच केली होती, म्हणून टीकाकाराला काही जोडण्याची गरज उरत नाही. सुमारे त्रेसष्ट कोटी डॉलर खर्चाच्या या हॉटेलचे भांडवल मुख्यतः चढ्या व्याजाच्या, जोखमीच्या कर्जरोख्यांतून उभे राहिले होते. बाजारात त्या रोख्यांना ‘जंक बाँड’ म्हणजे रद्दी रोखे म्हणत. त्यांचा सूत्रधार मायकेल मिल्कन याने रोखेबाजारविषयक सहा गुन्ह्यांची कबुली १९९० च्या एप्रिलमध्ये दिली. त्याची ड्रेक्सेल बर्नहॅम लॅम्बर्ट ही पेढी त्याआधी दोन महिने दिवाळखोरीत गेली होती.

आरंभीच्या काळात शॅडो क्रीकवर पैसे देऊनही प्रवेश मिळत नसे. ते विन यांच्या पाहुण्यांसाठी आणि जुगारात प्रचंड रकमा लावणाऱ्या निवडक गिऱ्हाइकांसाठी राखलेले होते. व्यवहाराची साखळी स्पष्ट आहे. यंत्रांपुढे बसून थोडेथोडे हरणाऱ्या हजारो सामान्यांच्या आणि टेबलावर लाखो हरणाऱ्या मूठभरांच्या पैशातून नफा होई, आणि त्या मूठभरांनी पुन्हा यावे म्हणून नफ्याचा एक अंश हिरवळ आणि धबधबे यांवर खर्च होई.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली एक महत्त्वाचा भेद दाखवला. काही वस्तूंचे मोल त्यांच्या उपयोगात असते आणि उत्पादन वाढवून त्या सर्वांना देता येतात. काही वस्तूंचे मोल मात्र त्या इतरांजवळ नाहीत यातच असते. त्या सर्वांना मिळाल्या की त्यांचे मोल संपते. शॅडो क्रीक ही दुसऱ्या प्रकारची वस्तू. तिचे पुढील चरित्र हेच सांगते. २००० साली विन यांची कंपनी एमजीएम ग्रँडने विकत घेतली. नव्या मालकाने आपल्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना पैसे भरून खेळण्याची मुभा दिली. एका फेरीचे शुल्क आधी पाचशे डॉलर होते, पुढे ते हजार डॉलरांच्या पलीकडे गेले. गिऱ्हाइकाला हॉटेलापासून मैदानापर्यंत आलिशान मोटारीतून नेण्याची प्रथा आहे. दार उघडल्यासारखे दिसले. उंबरठ्याची उंची मात्र वाढतच गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये टायगर वुड्स आणि फिल मिकलसन यांच्यात नव्वद लाख डॉलरांची पैज लावून येथे सामना झाला. सारी रक्कम एकट्या विजेत्याची. सर्वसामान्यांसाठी तिकीटविक्री नव्हती. निमंत्रितांनीच तो मैदानावर पाहिला, बाकीच्यांनी पैसे भरून पडद्यावर पाहायचा होता. सेंट अँड्र्यूजचा रविवार आणि हा दिवस यांतील अंतर म्हणजे या खेळाचा आर्थिक इतिहास आहे.

‘द मिराज’ हॉटेल १७ जुलै २०२४ रोजी बंद झाले. मृगजळ ओसरले, त्याच्या पाहुण्यांसाठी वसवलेले अरण्य मात्र अजून पाणी पीत आहे.

हिरवळीचा अर्थ

इतक्या रुक्ष प्रदेशात नेमकी हिरवळच का हवी, याचे उत्तर थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ साली देऊन ठेवले आहे. सुखवस्तू वर्गाच्या अभिरुचीचे विश्लेषण करताना त्याने आखूड कापलेल्या हिरवळीचा विचार केला. त्याच्या मते हिरवळ म्हणजे मुळात गाईचे कुरण. परंतु गाय म्हटली की काटकसर आणि उपयुक्तता आठवते. म्हणून प्रतिष्ठित माणूस कुरण ठेवतो आणि गाय हाकलतो. गाईने जे फुकट केले असते, ते काम मजुरी देऊन करून घेतो. निरुपयोगी असणे हाच त्या हिरवळीचा उपयोग.

व्हेब्लेनच्या काळी ही हिरवळ पावसाच्या प्रदेशात होती. वाळवंटात आल्यावर तिचा अर्थ शतपटीने वाढतो. या मैदानांवर उन्हाळ्यात जे गवत असते त्याला तिकडे बर्म्युडा म्हणतात. ते हरळीच्याच कुळातले. मराठी शेतकरी जिला तण म्हणून खणून काढतो आणि गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो, तिचेच निवडक आणि संकरित वाण. हरळी चिवट असते, थोड्या पाण्यावर तग धरते. परंतु थंडीत ती पिवळी पडते, आणि वाळवंटातील गोल्फचा हंगाम तर थंडीचाच. म्हणून अनेक मैदानांवर शरद ऋतूत तिच्यावर राय गवताचे बी पेरतात आणि ते रुजेपर्यंत जमीन सतत ओली ठेवतात. हरळीला विश्रांती हवी असते, पण गिऱ्हाइकाला पिवळा रंग सोसत नाही. एका रंगासाठी वर्षातून एक जादा पीक घेतले जाते, आणि ते पीक कोणी खात नाही.

पाण्याचा हिशेब

आता हिशेब मांडू या, कारण संतापाने भाषण रंगते, परंतु कार्यकर्त्याच्या हाती आकडा असावा लागतो.

एक एकर जमिनीवर एक फूट उंचीचे पाणी म्हणजे एक एकर-फूट. सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. दक्षिण नेवाडातील जल प्राधिकरणाच्या क्षेत्रात गोल्फ मैदानांना दर सिंचित एकरामागे वर्षाला ६.३ एकर-फूट अशी पाण्याची मर्यादा होती. २०२४ पासून ती ४ करण्यात आली. जुनी मर्यादा इंचांत मांडली तर सुमारे ७५ इंच होते. आकाश देते चार इंच आणि मैदान मागू शकते पंचाहत्तर. शंभर एकर हिरवळ धरली, तर वर्षाला सुमारे ७७ कोटी लिटर. भारतातील ग्रामीण नळयोजनांसाठी दरडोई रोज ५५ लिटरचे मान धरतात. त्या मानाने हे पाणी अडतीस हजारांहून अधिक माणसांना वर्षभर पुरेल. नवी मर्यादा धरली तरी आकडा चोवीस हजारांच्या खाली जात नाही.

हे पाणी येते कोठून? लास व्हेगस या स्पॅनिश नावाचा अर्थच मुळी ‘कुरणे’ असा आहे. त्या खोऱ्यात जिवंत झरे होते आणि झऱ्यांकाठी गवताळ जमीन होती. दक्षिण पायूट आदिवासी पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यावर राहत. १९०५ साली रेल्वेने तेथे गाव वसवले, विहिरी खणल्या, उपसा वाढत गेला आणि १९६२ साली ते झरे वाहायचे थांबले. निसर्गाचे कुरण असे आटले; त्यानंतर तीन दशकांच्या आत त्याच खोऱ्यात यंत्रांच्या साहाय्याने खासगी कुरण उभे राहिले.

झरे आटल्यावर शहराची भिस्त कोलोरॅडो नदीवर आली. हूव्हर धरणाच्या मागे साठलेले मीड सरोवर हाच आज त्याचा मुख्य आधार. या नदीच्या वाटपाचा करार १९२२ साली सात राज्यांनी केला. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी वाटून दिले गेले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख कबूल झाले. करार करताना जी वर्षे प्रमाण मानली ती नेमकी भरपूर पाण्याची होती, त्यामुळे नदीत नसलेलेच पाणी कागदावर वाटले गेले. करार करणाऱ्यांत आदिवासींचा एकही प्रतिनिधी नव्हता. नेवाडाच्या वाट्याला वर्षाला तीन लाख एकर-फूट आले, कारण त्या वेळी तेथे माणसेच थोडी होती. २००० नंतर नदीचा प्रवाह क्षीण होत गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर पाणीटंचाईची पहिली अधिकृत घोषणा झाली आणि जुलै २०२२ मध्ये मीड सरोवर भरल्यापासूनच्या नीचांकाला, क्षमतेच्या सुमारे सत्तावीस टक्क्यांवर आले.

येथे मैदानवाल्यांचा एक लाडका बचाव तपासला पाहिजे. ‘अनेक मैदाने शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालतात, तेव्हा नदीला तोशीस नाही,’ असे सांगितले जाते. इतर शहरांत हा बचाव काही अंशी खरा ठरेल. लास व्हेगसमध्ये तो टिकत नाही. तेथील घरांतून आणि हॉटेलांतून गटारात जाणारे पाणी शुद्ध करून पुन्हा मीड सरोवरात सोडले जाते, आणि जितके पाणी परत केले तितके अधिक उचलण्याची मुभा राज्याला मिळते. न्हाणीघरातले पाणी अशा रीतीने पुन्हा पुन्हा फिरते. खरे गमावले जाते ते फक्त उघड्यावर, गवतावर शिंपडलेले पाणी. मग ते नदीतून थेट आलेले असो की सांडपाण्यातून, त्याची वाफ झाली की ते हिशेबातून गेलेच. म्हणून मैदानाची जमीन कोणाची का असेना, त्यावरचे पाणी संपूर्ण खोऱ्याच्या एकाच खात्यातून खर्ची पडते.

कायद्याने घडवलेली अभिरुची

अशी मैदाने जशी आहेत तशीच असावी लागतात, असे मात्र नाही. शेजारच्या ॲरिझोना राज्यात वेगळी वाट दिसते. तेथील केअरफ्री या गावी १९६२ साली रेड लॉरेन्स या आराखडाकाराने डेझर्ट फॉरेस्ट नावाचे मैदान आखले. त्याने जमीन जवळजवळ होती तशी ठेवली. तळी नाहीत, धबधबे नाहीत. फेअरवेवर वाळूचे कृत्रिम खड्डेही नव्हते. चेंडू चुकला की निवडुंगात आणि वाळूत जातो. वाळवंट हाच अडथळा. पुढे १९८० साली ॲरिझोनाने भूजलावर नियंत्रण आणणारा कायदा केला. त्याखालील नियमांनुसार नियंत्रित क्षेत्रातील नव्या अठरा होलांच्या मैदानाला पाणी मिळू लागले ते दर होलला पाच एकर, म्हणजे एकूण ९० एकर हिरवळीच्या हिशेबाने. जॅक निकलसने स्कॉट्सडेल येथे आखलेले डेझर्ट हायलँड्स हे मैदान १९८३ साली गाजले, ते याच नव्या वळणाचे होते. चेंडू मारण्याच्या जागी हिरवळीचे एक बेट, तो पडण्याच्या जागी दुसरे बेट आणि मधे मूळचे वाळवंट, सग्वारो निवडुंगांसह.

यातून निघणारा निष्कर्ष आराखडाकारांच्या चरित्रग्रंथांत सापडत नाही. पाण्याला मर्यादा घालताच वाळवंट सुंदर दिसू लागले. जोवर पाणी हवे तितके मिळत होते तोवर वाळवंट ही लपवण्याची लाज होती. नियम आला आणि तीच गोष्ट शोभेची ठरली. अभिरुची ही धनिकांच्या अंतःकरणातून स्वयंभू उगवते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. तिचा बराचसा भाग कायद्याच्या कलमांतून उगवतो.

तथापि याचेही कौतुक बेताने करावे. ज्या वाळवंटाचे येथे जतन झाले, त्याभोवती कुंपण आणि पहारा आला. मैदानाच्या कडेचे भूखंड चढ्या दराने विकणे हा अशा वसाहतींचा मुख्य धंदा असतो आणि मैदान ही त्या धंद्याची जाहिरात. पाणी थोडे वाचले. परंतु जे वाळवंट काल कोणालाही तुडवता येत होते, ते आज सभासदाच्या खिडकीतील देखावा झाले.

दुसरी बाजू

विरोधकाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय वाद पुरा होत नाही. पहिला आक्षेप असा, की कोलोरॅडोच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा शेतीला जातो आणि त्यातही बराचसा गुरांच्या चाऱ्याला. त्यापुढे गोल्फ म्हणजे किरकोळ. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. सारी मैदाने उद्या बंद झाली तरी नदीचे दुखणे बरे होणार नाही. परंतु टंचाईच्या काळात कोणाला किती सोसावे लागते, हा प्रश्न केवळ बेरजेचा नसतो. तो न्यायाचा असतो. २०२१ साली नेवाडाने एक कायदा केला. कार्यालयांपुढची, रस्त्यांच्या दुभाजकांवरची, वसाहतींच्या प्रवेशद्वारांची निव्वळ शोभेची हिरवळ २०२६ च्या अखेरीपर्यंत काढून टाकायची. त्यानंतर तिला कोलोरॅडोचे पाणी नाही. घरांची अंगणे, बागा आणि गोल्फची मैदाने यांना मात्र या बंदीतून वगळले आहे. ज्या हिरवळीवर कोणी चालत नाही ती निरुपयोगी, असा त्या कायद्याचा निकष आहे. मग मूठभरांनी हजार डॉलर मोजून चालावे अशी हिरवळ उपयुक्त कशी, हे त्या निकषाने सांगावे.

दुसरे म्हणणे लास व्हेगसच्या बाजूचे, आणि ते अधिक वजनदार आहे. २००२ नंतरच्या वीस वर्षांत तेथील लोकसंख्या सुमारे साडेसात लाखांनी वाढली, तरी नदीच्या पाण्याचा वापर चतुर्थांशाहून अधिक घटला. लोकांनी गवत काढावे म्हणून सार्वजनिक पैशातून चौरस फुटाच्या दराने मोबदला दिला गेला. मैदानांनीही आपली काही हिरवळ काढली. सार्वजनिक यंत्रणा ठाम असेल तर उधळपट्टीचे म्हणून नाव असलेले शहरही काटकसर शिकते. हा धडा आशेचा आहे, आणि तो बाजाराने नव्हे तर नियमाने दिला आहे.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. जुगारगृहे आणि मैदाने हजारोंना काम देतात, हे नाकारता येत नाही. परंतु ते काम माणुसकीचे झाले ते मालकांच्या औदार्याने नव्हे. लास व्हेगसच्या हॉटेल कामगारांची ‘कलिनरी’ युनियन अमेरिकेतील बलाढ्य संघटनांपैकी एक आहे. फ्रंटियर नावाच्या हॉटेलात तिने १९९१ पासून १९९८ पर्यंत, सहा वर्षांहून अधिक काळ संप चालवला आणि तो जिंकला. संपकऱ्यांपैकी एकही जण फुटून कामावर गेला नाही. धबधब्यांच्या छायाचित्रांत ही माणसे दिसत नाहीत, परंतु शहर त्यांच्यावरच चालते.

आणि शेवटी पायूट आदिवासींचे उदाहरण, जे सोप्या निवाड्याची सवय मोडते. आपल्याच खोऱ्यात १९११ साली त्यांच्या वाट्याला अवघी दहा एकर जागा आली होती. १९८३ साली संघराज्याने शहराच्या वायव्येस सुमारे ३,८०० एकर जमीन त्यांना परत दिली. त्या जमिनीवर १९९५ पासून त्यांनी स्वतःचीच गोल्फ मैदाने उभारली. यासाठी त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु झरे आटवून झाल्यावर, ज्या बाजारात हिरवळीखेरीज दुसरे काही विकले जात नाही, त्याच बाजारात त्यांना उपजीविका शोधावी लागली, हे आधी पाहिले पाहिजे.

खासगी म्हणजे काय?

या साऱ्यातून उरणारा मुद्दा एकच. शॅडो क्रीकसारख्या मैदानाला खासगी म्हणतात. त्याची जमीन खासगी असेल, झाडे खासगी असतील, सावलीही खासगी असेल. परंतु त्याला जगवणारे पाणी खासगी नाही. ते संपूर्ण खोऱ्याचे आहे. त्याला भांडवल पुरवणारी रोख्यांची पेठ खासगी नव्हती. ती कोसळली तेव्हा तिचे ओझे अनेकांनी वाहिले. ज्याचा प्रत्येक निविष्टीचा धागा सार्वजनिक आहे आणि फक्त उपभोग खासगी आहे, त्याला खासगी म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. उंच बांध आणि वीस हजार झाडे हे या गैरवापराचे स्थापत्य. वाळवंट लपवले की टंचाई लपते, आणि टंचाई लपली की हिशेब कोणी विचारत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील पाण्याचा मूळ कायदा ‘जो आधी आला त्याचा हक्क आधी’ या सूत्रावर उभा आहे. याच्या नेमके उलट सूत्र महाराष्ट्रात एका लहानशा जागी मांडले गेले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातील माणसांच्या संख्येवर ठरवला, भूमिहीनांनाही तो दिला आणि उसाला तो नाकारला. प्रयोग छोटा होता. परंतु त्याने विचारलेला प्रश्न कोलोरॅडोच्या खोऱ्यालाही तितकाच लागू पडतो. पाणी जमिनीच्या मागे जावे, पैशाच्या मागे जावे, की माणसाच्या मागे?

कार्यकर्त्याने अशा मैदानाच्या फाटकापुढे उभे राहून खेळाची टर उडवू नये. खेळ निरपराध आहे. सेंट अँड्र्यूजच्या माळावर तो चारशे वर्षांहून अधिक काळ गावकऱ्यांच्या पायांखाली सुखाने नांदला आहे. त्याने तीन साधे प्रश्न विचारावेत. पाणी किती, कोणत्या खात्यातून, आणि ते ठरवले कोणी? हे प्रश्न जिथे उघडपणे विचारले गेले, तिथे ९० एकरांचा नियम झाला, मर्यादा ६.३ वरून ४ वर आली, शोभेचे गवत उपटले गेले. जिथे ते विचारले गेले नाहीत, तिथे झरे आटले आणि धबधबे सुरू झाले.